चाकामागचा रबरी बूट: का फाटतो, कधी बदलायचा, घरी कसा बदलायचा

“एक्सल गेलाय साहेब, बदलावा लागेल.” सर्व्हिसिंगला सोडलेल्या गाडीबद्दल गॅरेजमधून असा फोन आला की आपण आधी किती होतील ते विचारतो आणि मग ‘टाका’ म्हणतो. एक्सल म्हणजे नेमकं काय आणि तो ‘जातो’ म्हणजे काय होतं, हे विचारायचं राहूनच जातं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मेव्हण्याला असाच फोन आला. गाडी घरी आणून मी चाकामागे बॅटरी मारली. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा पट्टा उडालेला होता आणि एक्सलवरचं रबर, म्हणजे बूट, एका घडीत आडवं चिरलं होतं. चीर बोटाच्या दोन पेरांएवढी. आतला सांधा मात्र अजून घट्ट होता, आवाज नव्हता. काही शे रुपयांचा बूट आणि एक रविवार, एवढ्यात काम भागलं. आणखी दोन महिने गाडी तशीच पळाली असती तर फोनवर सांगितलं ते खरं झालं असतं.

या रबराबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

## चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही

जुन्या अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळायची. पुढची चाकं फक्त दिशा देत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनीच गाडी ओढायची ही रचना आपल्या घराघरांत पोचली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच आहेत. बोलेरो किंवा ईकोसारख्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना पुढे हा प्रकार नसतो.

पुढचं चाक ओढणार असेल तर त्याच्याकडे दोन कामं एकदम आली. गिअरबॉक्समधून निघालेल्या दांड्याने ते फिरलं पाहिजे, आणि फिरता फिरता स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळलंही पाहिजे. शिवाय खड्ड्यात ते वर-खाली होणार. सरळसोट दांडा हे करू शकत नाही, म्हणून त्याला दोन टोकांना दोन सांधे असतात. या सगळ्या जोडणीला गॅरेजमध्ये एक्सल म्हणतात. सांध्यांचं नाव सीव्ही जॉइंट, म्हणजे दांडा वाकलेला असतानाही फिरण्याचा वेग तोच ठेवणारा सांधा. इथून पुढे नुसतं ‘सांधा’ म्हणू.

## सहा गोळ्या आणि एक फुगडी

वेग तोच राहणं एवढं महत्त्वाचं का? ट्रक-जीपच्या लांब शाफ्टला जो साधा ‘क्रॉस’, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा असतो, तो वाकवून फिरवला तर एका बाजूने एकसारखा वेग दिला तरी दुसरी बाजू कधी भरभर, कधी हळू फिरते. दोन दांड्यांत ३० अंशांचा कोन असेल तर एकाच फेऱ्यात ती दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी मंदावते आणि दोनदा १५ टक्क्यांनी वेग घेते. मागच्या चाकांच्या गाड्यांत कोन लहान असतो आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक भरून काढतात. पुढच्या चाकाला मात्र वळताना ४० अंशांच्याही पुढे जावं लागतं. तिथे क्रॉस लावला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थडथडेल.

यावरचा तोडगा फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने १९२० च्या दशकात काढला. बाहेर एक वाटी, आत एक गाभा, दोघांनाही वळणदार खाचा आणि त्या खाचांत सहा पोलादी गोळ्या. गोळ्यांना जागेवर धरायला मधे एक पिंजरा. गोळ्या नेहमी दोन दांड्यांच्या कोनाच्या बरोबर मधोमध राहतात, हे सगळं मर्म आहे. नागपंचमीच्या फुगडीत दोघी मुली सारख्याच मागे रेलल्या तर धरलेले हात बरोबर मधे राहतात आणि फुगडी एका लयीत फिरते. एकीने अंग जास्त टाकलं की झोक जातो. पिंजरा गोळ्यांना असंच मधे धरून ठेवतो, म्हणून दांडा कितीही वाकला तरी चाकाला जेवढ्यास तेवढा फेरा मिळतो. १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीत या जातीचा सांधा आला आणि पुढे छोट्या गाड्यांचा तो ठरूनच गेला.

हा झाला चाकाकडचा, बाहेरचा सांधा. गिअरबॉक्सकडच्या आतल्या सांध्यात बहुतेक गाड्यांत तीन रोलर असतात. तो कमी वाकतो, पण आत-बाहेर सरकतो, कारण चाक वर-खाली झालं की एक्सलला लागणारी लांबी बदलते.

## रबर फाटलं तर एवढं काय बिघडतं?

गोळ्या आणि खाचा यांच्यात धातूवर धातू घासतो. मधे असतं ते ग्रीस, बाहेरच्या सांध्यात सहसा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं, काजळासारखं काळं. हे ग्रीस सांध्याच्या आयुष्यभरासाठी एकदाच भरलेलं असतं. त्याला निप्पल नाही, वरून भरायची सोय नाही. ते आत ठेवायचं आणि धूळ-पाणी बाहेर ठेवायचं काम एकट्या बुटाचं. भजनातल्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेलं हे रबराचं किंवा रबरासारख्या प्लॅस्टिकचं नळकांडं दोन टोकांना क्लिपांनी आवळलेलं असतं.

या भात्याला काय काम पडतं त्याचा हिशोब करून बघा. १६५/८० आर १४ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त फेरे घेतो. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. म्हणजे पुण्याला जाऊन आलात की बूट अडीच लाखांहून जास्त वेळा फिरला. चाक वळलेलं असताना प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घडी एकदा दाबली जाते आणि एकदा ताणली जाते.

चीर पडली की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर उडतं. ते बरंच वाया जातं, पण त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या ग्रीसमध्ये माती मिसळते. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात, तिच्यात दुसरं काय असतं? चिकट पदार्थात कडक बारीक कण. तीच पेस्ट आता तुमच्या सांध्यात तयार होते आणि खाचा खरवडते. पोलाद वरून कडक केलेलं असतं. तो कडक थर एकदा खरवडला की खालचं मऊ पोलाद भराभर झिजतं.

## आपल्याकडे बुटाला काय सोसावं लागतं

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो, हे सांगायला नको. बुटाला त्यात इंजिनाची आणि ब्रेकची ऊब आणखी मिळते. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतं आणि घडीच्या तळाशी बारीक भेगा पडायला लागतात. वरून बघून त्या दिसत नाहीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून घड्या उघडल्यावरच दिसतात.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. हुरड्याला, नाहीतर रानातल्या वस्तीवर जाताना गाडी बांधाने, कापलेल्या तुरीच्या शेतातून जाते. तुरीचे खुंट किती टोकदार असतात हे ज्याचा ट्रॅक्टरचा टायर पंक्चर झालाय त्याला विचारा. बूट जमिनीपासून फार उंच नसतो. एक खुंट किंवा बाभळीची फांदी वर उसळली की भोक पडायला तेवढं पुरतं. आणि पाऊस पडल्यावर काळी माती चाकाच्या आत थापली जाते. ती तशीच वाळली की घड्यांच्या मधे दगडासारखी बसते आणि रबर घासत राहते. म्हणून रानातून आल्यावर चाकाच्या आत पाणी मारून माती काढा. प्रेशरची नळी मात्र बुटाच्या क्लिपवर जवळून धरू नका, पाणी आत शिरतं.

## आधी ठरवा: बूट गेलाय की सांधाही?

मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. कट-कट-कट असा तालात आवाज आला तर बाहेरचा सांधा झिजलाय, बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकाचा. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थरथर जात असेल, तर संशय आतल्या सांध्यावर घ्या.

आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून तो जात नाही. ही आशा खूप जण करतात आणि दुकानदारही ‘नवीन ग्रीस टाका, जाईल’ म्हणतात. ग्रीस झिजलेलं पोलाद परत आणत नाही. आठवडाभर आवाज दबतो आणि परत येतो. अशा वेळी सांधा किंवा अख्खा एक्सलच बदलायचा. आवाज नसेल, बूट नुकताच फाटला असेल, तरच पुढचं सगळं उपयोगाचं.

## घरी करायचं? आधी गाडी कशावर उभी आहे ते बघा

या कामात जीव जाऊ शकतो अशी जागा एकच आहे, जॅक. स्टेपनीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही. लोखंडी स्टँड घ्या. विटा रचू नका, वीट भाराखाली न सांगता फुटते. आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते. खाली पोकळ बसलेली फरशी जॅकच्या टोकाखाली मधोमध तडकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जॅक आणि स्टँडखाली जाड फळी टाका.

आणखी एक गोष्ट अनुभवी माणूसही विसरतो. एका बाजूचा एक्सल चाकातून किंवा गिअरबॉक्समधून निघाला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो. ताकद मोकळ्या बाजूने निसटते आणि चाक अडत नाही. म्हणून हँडब्रेक आणि मागच्या चाकांना पुढून-मागून अडण्या, दोन्ही हवंच.

## एक्सल काढताना

चाकाच्या मधोमध असतो तो हब नट. तो गाडी चाकांवर उभी असताना, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून ढिला करायचा. त्याची कड खाचेत ठोकून बसवलेली असते, आधी ती छिन्नीने सरळ करा. बहुतेक छोट्या गाड्यांना ३० एमएमच्या आसपासचा सॉकेट आणि लांब टॉमी लागते. जॅकवर चढवलेल्या गाडीवर एवढा जोर लावायचा नाही.

मग गाडी उचलून स्टँडवर घ्या आणि चाक काढा. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट सोडवला की हबचा भाग बाहेर ओढता येतो आणि एक्सलचं टोक त्यातून निसटतं. अडकलं तर नट दोन आटे परत चढवून लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका. थेट हातोडा मारला तर आटे चेपतात आणि साध्या कामाचं मोठं काम होतं. ब्रेकची नळी आणि एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर ताणली जात नाही ना, याकडे सतत लक्ष ठेवा. आणि एक्सलला धरून बाहेर ओढू नका. आतल्या सांध्याचे तीन रोलर त्यांच्या वाटीतून सुटले तर दुसरं काम मागे लागेल.

फक्त बाहेरचा बूट बदलायचा असेल तर आतलं टोक गिअरबॉक्समध्येच राहू द्यावं. अख्खा एक्सल काढला तर गिअर ऑइल सांडतं, ते मोजून परत भरावं लागतं, आणि ऑइल सीलला ओरखडा गेला की गळती सुरू. पहिल्याच वेळी हे अंगावर घेऊ नये, असं माझं मत आहे.

आता जुन्या क्लिपा कापा, बूट मागे सरकवा आणि ग्रीस पुसून बघा. सांधा एक्सलच्या खाचेदार टोकावर एका रिंगने अडकलेला असतो. काही गाड्यांत ही रिंग सर्कलिपच्या पकडीने फाकवावी लागते. काहींत आतल्या गाभ्यावर ठोकळा टेकवून एक खणखणीत फटका मारला की सांधा सुटतो. भित्रे दहा फटके मारण्यापेक्षा एक नेमका बरा. डोळ्यांवर चष्मा हवाच, रिंग उडाली तर कुठे जाईल सांगता येत नाही.

## ग्रीस, हवा आणि क्लिप

सांधा रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा. गोळ्या बाहेर काढायची गरज नाही. गाभा हाताने एकेका बाजूला कलंडवत प्रत्येक गोळी आणि खाच उजेडात बघा. खाच गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ठीक. नख अडेल असा खड्डा दिसला तर तिथेच थांबा, नवीन सांधा आणा. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, नाहीतर उरलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं.

पुसायला कापड कोणतं घेता, हेही बघा. सोलापुरात प्रत्येक घरात टॉवेलचे तुकडे पडलेले असतात आणि हात त्यांच्याकडेच जातो. मीही पहिल्यांदा तेच घेतलं. पुसून झाल्यावर भिंग लावून पाहिलं तर पिंजऱ्याच्या कडेला टॉवेलची लव अडकून राहिलेली, दाढीच्या खुंटासारखी. एकेक तंतू चिमट्याने काढण्यात अर्धा तास गेला. जुन्या बनियनचं कापड घ्या, त्याची लव सुटत नाही.

नवा बूट चढवण्याआधी एक्सलच्या खाचेदार टोकावर चिकटपट्टी गुंडाळा, त्या धारदार दातांनी बूट आतून चिरला जातो. आधी लहान क्लिप, मग बूट, मग सांधा, हा क्रम चुकला तर सगळं परत काढावं लागेल. रिंग नवीनच टाका, किटमध्ये येते. सांधा ठोकून बसवल्यावर जोराने ओढून बघा. रिंग बसली असेल तर तो हलत नाही.

किटबरोबर आलेलं ग्रीस पूर्ण वापरा, दुसरं भरू नका. चाकांच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. निम्मं गोळ्यांच्या मधे बोटाने दाबून, उरलेलं बुटात. ‘जास्त भरलं तर जास्त टिकेल’ हा समज चुकीचा आहे. तापल्यावर जादा ग्रीसला जागा लागते आणि ते क्लिपेखालून वाट काढतं.

क्लिप आवळण्याआधी बुटातली हवा सारखी करायची असते, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. सांधा सरळ ठेवा, बुटाची लहान कड एक्सलवरच्या तिच्या खाचेत बसली आहे का बघा, आणि बोथट टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने कड क्षणभर उचला. ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि घड्या आपोआप एकसारख्या होतात. आत हवा कोंडली तर गरम झाल्यावर बूट फुगतो. कमी राहिली तर एक घडी आत ओढली जाते आणि तिथेच घासून फाटते.

क्लिप लोखंडीच हवी आणि ती तिच्या पकडीने आवळायची. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीला प्लॅस्टिकची टाय बांधून दिली होती. तुळजापूरला जाऊन येईपर्यंत ती उष्णतेने ढिली पडली, बूट सरकला आणि सांधा कोरडा झाला. बूट नवाकोरा होता आणि सांधा गेला. तेव्हापासून मी क्लिपेची पकड स्वतःची घेऊन ठेवली आहे.

जोडताना हब नट नवीन घ्या, गाडी जमिनीवर आल्यावर मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळा आणि कड परत खाचेत ठोका. हा नट चाकाचं बेअरिंगही दाबून धरतो. म्हणून एक्सल निघालेला असताना गाडी ढकलूसुद्धा नका, भार पडून बेअरिंग खराब होतं.

## “पण चिकटवायचा बूट मिळतो की!”

मिळतो. एका बाजूला उभा कापलेला असतो, सांध्यावर गुंडाळून कड चिकटवायची. काहीही सोडवावं लागत नाही, म्हणून मोह होतो. पण कडेला ग्रीसचा एक थेंब लागला तरी जोड धरत नाही, आणि ग्रीसने माखलेल्या जागी काम करताना तो लागतोच. शिवाय सांधा धुवून तपासता येत नाही. लांबच्या प्रवासात बूट फाटला तर घरी पोचण्यापुरता ठीक. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं तेवढंही टिकत नाही.

“मग सरळ नवीन एक्सलच का नको?” आवाज येत असेल तर जरूर टाका, त्यात वेळही वाचतो. पण गाडीबरोबर आलेला सांधा निरोगी असेल तर तो काढून स्वस्तातला, कुठल्याही नावाचा एक्सल घालणं मला पटत नाही. मूळ सांधा, त्याचा बूट शाबूत राहिला तर, फार वर्षं साथ देतो.

“दुसऱ्या बाजूचाही आत्ताच बदलू का?” दोन्ही बूट एकाच दिवशी कारखान्यात बसले आहेत. एक उन्हाने आणि वयाने गेला असेल तर दुसराही त्याच वाटेवर आहे, घड्या उघडून भेगा बघा. पण एक खुंट लागून फाटला असेल तर दुसऱ्याला हात लावायचं कारण नाही.

“इलेक्ट्रिक गाडी घेतली तर ही कटकट संपेल ना?” नाही संपत. मोटर असो की इंजिन, चाकाला वळता वळता फिरवायला हाच सांधा लागतो, आणि सांधा आला की बूट आलाच.

“गॅरेजमध्ये तासा-दोन तासांत होतं, मी दिवस का घालवू?” पहिल्या वेळी खरंच चार-पाच तास लागतात. स्टँड, टॉर्क पाना, क्लिपेची पकड विकत घ्यायची तर पहिल्या बुटात पैसे वाचत नाहीत. हाताला सवय नसेल, घरी सपाट जागा नसेल, तर गॅरेजलाच द्या. पण काम समोर उभं राहून करून घ्या. क्लिप लोखंडी आहे का, किटमधलं ग्रीस वापरलं का, रिंग नवीन टाकली का, एवढे तीन प्रश्न विचारा. स्ट्रटचे (चाकाच्या उभ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) बोल्ट सोडवले असतील तर अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोनही, तपासून घ्या. नुसता बॉल जॉइंट काढून परत बसवला असेल तर सहसा ती हलत नाही.

## शंभर किलोमीटरनंतर

मेव्हण्याच्या गाडीचं काम झाल्यावर आम्ही अक्कलकोटला जाऊन आलो, पुढच्या दोन-चार दिवसांत गावातल्या गावात आणखी थोडी चालली. मग स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून परत बॅटरी मारली. रिमची आतली बाजू कोरडी होती. घड्या एकसारख्या, एकही आत ओढलेली नाही. मेव्हण्याने क्लिपेच्या कडेने बोट फिरवलं. बोटाला आली ती नुसती अक्कलकोट रोडची धूळ.